पोलीस शिपाई भरती: अर्ज मुंबई आयुक्तालयात भरावा की आपल्याच जिल्ह्यात?

माळरान_आष्टी

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा. वय २३, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दीड वर्षापासून पोलीस भरतीची तयारी करतो आहे. अर्ज इतर मागास प्रवर्गातून भरणार आहे. उंची १६६ सेंटिमीटर आहे, छाती न फुगवता ८० आणि फुगवून ८६ भरते. १६०० मीटर धावायला ५ मिनिटे २२ सेकंद लागतात, मात्र हे अंतर मी मैदानावर नव्हे, तर गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर दोन दगडांच्या खुणा करून मोजलेले आहे. गोळा ७.४० मीटरच्या आसपास जातो. लेखीच्या सराव परीक्षांत १०० पैकी ७२ ते ७८ गुण मिळतात, गणितात कमी पडतात.

शिपाई पदासाठी एकाच घटकात, म्हणजे एकाच जिल्हा पोलीस दलात किंवा आयुक्तालयात, अर्ज भरता येतो, त्यामुळे घटक कोणता निवडावा या प्रश्नावर आमच्या घरात आठवडाभर चर्चा चालू आहे. अभ्यासिकेतली मुले म्हणतात की मुंबईत जागा जास्त म्हणून मुंबईलाच भर. चुलते म्हणतात की आपला जिल्हा सोडू नकोस, पाच एकर कोण बघणार? आई काहीच म्हणत नाही, म्हणजे तिचे मत काय आहे ते मला कळते. मी मुंबई आजवर दोनदा पाहिली आहे, आणि दोन्ही वेळा दादर स्थानकापासून सिद्धिविनायकापर्यंत जाऊन परत आलो आहे.

माझे प्रश्न असे आहेत. मुंबईत निवड होणे खरोखर सोपे असते का? तिथे नव्या शिपायाला पहिली काही वर्षे नेमके काय काम करावे लागते? चार-पाच वर्षांनी बदली घेऊन गावाकडे येता येते, असे सगळेच सांगतात, त्यात तथ्य किती? मी दोन वर्षे होमगार्डमध्ये आहे, त्याचा अर्जात उपयोग होईल का? धाकटी बहीणही बारावीनंतर तयारी करते आहे, तिची उंची १५७ आहे. तिच्या दृष्टीनेही कोणी दोन शब्द लिहिले तर आभारी राहीन.

मैदान_मास्तर

मी गेली अकरा वर्षे मुलांना मैदानी चाचणीची तयारी करून देतो, त्यामुळे आधी आकड्यांचे बोलतो आणि नोकरी कशी असते ते नोकरीत असलेल्यांवर सोडतो.

मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची असते. २०२२ मध्ये नियम बदलल्यापासून मैदान आधी होते, त्यात निम्मे गुण मिळवावे लागतात, आणि मग प्रत्येक प्रवर्गातल्या जागांच्या दहापट उमेदवारांना लेखीला बोलावले जाते. सगळी गोम या दहापटीत आहे. समजा एखाद्या जिल्ह्यात तुमच्या प्रवर्गाला सर्वसाधारण म्हणून, म्हणजे महिला, खेळाडू वगैरेंसाठी राखीव नसलेल्या, चारच जागा आल्या, तर लेखीला चाळीस मुले बसतील, आणि त्या चाळिसांत येण्यासाठी मैदानावर ४५ च्या पुढे गुण लागू शकतील. तेच दोनशे जागा असलेल्या घटकात दोन हजार मुले लेखीपर्यंत पोहोचतात आणि ३८-४० गुणांचा मुलगाही परीक्षेला बसतो. म्हणून ज्याचे मैदान मध्यम आणि लेखी चांगली, त्याला मोठा घटक सोयीचा, आणि ज्याचे मैदान पैकीच्या पैकी, त्याला लहान घटकातही भीती नाही. तुमचे गुण पाहता तुम्ही पहिल्या गटात बसता.

मात्र ‘मुंबईत जागा जास्त’ हे वाक्य जाहिरात पाहिल्याशिवाय बोलू नये. २०२२-२३ च्या भरतीत राज्यात १८,३३१ पदे होती आणि त्यांतली सात हजारांहून अधिक शिपाईपदे एकट्या मुंबईची होती. पुढच्या, म्हणजे २०२४ च्या भरतीत राज्याचा आकडा १७,४७१ होता, पण मुंबईचा वाटा बराच खाली आला होता. दोन्ही वेळा अर्ज सतरा-अठरा लाखांच्या घरात होते. अभ्यासिकेतली मुले अजून पहिला आकडा डोक्यात धरून बसली आहेत. जाहिरात आली की शेवटच्या पानावरचा प्रवर्गनिहाय तक्ता उघडा, आपल्या प्रवर्गाच्या रांगेत महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, होमगार्ड हे सगळे वजा करून ‘सर्वसाधारण’ खाली किती उरतात ते पाहा, आणि मगच तुलना करा. एकूण जागा पाहून अर्ज भरणारे दरवर्षी फसतात.

आता धावण्याचे. पुरुषांना १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत किंवा त्याआधी पूर्ण केले, तर पूर्ण २० गुण मिळतात. त्यापुढे गुण सलग घसरत नाहीत, पायरीपायरीने घसरतात. ५.१० ते ५.३० ही एकच पायरी आहे आणि तिला १८ गुण आहेत. म्हणजे ५.१२ वाला आणि ५.२९ वाला सारखेच. तुम्ही आज ५.२२ वर असाल, तर तीन महिने घाम गाळून ५.१४ वर आलात तरी हाती एकही जादा गुण लागणार नाही. गोळ्याचे तसे नाही. ८.५० मीटरला पूर्ण १५ गुण आहेत आणि तुम्ही ७.४० वर आहात, तेव्हा खरी कमाई तिथे आहे. बहुतेक मुले १६ पौंडी, म्हणजे ७.२६० किलोचा गोळा विकत घेत नाहीत, दगडावर सराव करतात आणि मैदानावर गोळा हातात घेतल्यावर मनगट मोडते. चौघांनी मिळून एक गोळा घ्या. तो तळहातावर ठेवू नका, बोटांच्या मुळाशी ठेवा, मानेला टेकवा, आणि जोर हातातून न काढता मागच्या पायातून आणि कमरेतून काढा. महिन्याभरात अर्धा मीटर वाढतो, हे मी अनेकांचे पाहिले आहे.

रस्त्यावरच्या वेळेवर विसंबू नका. धावपट्टीवर ४०० मीटरच्या चार फेऱ्या असतात, वळणे येतात, सोबत पंचवीस-तीस मुले असतात आणि पहिल्या वळणावर कोपराकोपरी होते. तालुक्याच्या क्रीडासंकुलात जाऊन आठवड्यातून एकदा तरी गर्दीत धावा.

होमगार्डच्या समांतर आरक्षणाला, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत त्यांच्यासाठी राखलेल्या जागांना, किमान तीन वर्षांची, म्हणजे १०९५ दिवसांची सेवा लागते. तुमची दोनच वर्षे झाली आहेत, तेव्हा तो रकाना भरू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने ९०० दिवसांवर तो भरला, गुणवत्ता यादीत त्याचे नाव आले आणि कागदपत्रांच्या पडताळणीत कापले गेले. सर्वसाधारणमधून भरला असता, तर आज तो वर्दीत असता.

नायगाव_लाईन

मी मराठवाड्यातूनच मुंबईला आलो, आता पंधरावे वर्ष चालू आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण अर्ज भरताना तो कोणी विचारत नाही आणि नेमणूक झाल्यावर सगळे विचारतात.

प्रशिक्षण संपवून आल्यावर थेट पोलीस ठाणे मिळेल, असे समजू नका. मुंबईत नवा शिपाई साधारणपणे आधी सशस्त्र पोलीस दलात जातो. नायगाव, ताडदेव, वरळी, मरोळ आणि कोळे कल्याण असे त्याचे विभाग आहेत, बोलीभाषेत आम्ही त्याला ‘एल.ए.’, म्हणजे लोकल आर्म्स, म्हणतो. तिथे तीन प्रकारची कामे असतात. पहिले गार्डचे: एक हवालदार आणि तीन-चार शिपाई मिळून एखादी इमारत, कोषागार किंवा बंगला सांभाळतात, दोन तास उभे राहायचे, चार तास विश्रांती, पुन्हा दोन तास. पहिल्या आठवड्यात हे सोपे वाटते. मग रात्री दोन ते चारची पाळी येते, रस्त्यावर एकही माणूस नसतो, रायफलीचा पट्टा खांद्यात रुततो आणि समजते की या कामात अंगमेहनतीपेक्षा कंटाळा जास्त झुंजवतो. दुसरे काम कैदी पार्टीचे: कारागृहातून बंदी ताब्यात घ्यायचा, न्यायालयात हजर करायचा, पुढची तारीख घेऊन तो संध्याकाळी परत जमा करायचा. ताब्यात घेताना आणि जमा करताना अंगावरच्या खुणा, सामान, कागद सगळे जुळवून सही करायची असते, कारण त्या दोन सह्यांच्या मधल्या वेळेत त्या माणसाचे जे होईल त्याला जबाबदार तुम्ही असता. तिसरे काम बंदोबस्ताचे. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, ३१ डिसेंबरला मरीन ड्राइव्ह, मध्ये कधी मोर्चा, कधी क्रिकेटचा सामना. सण लोकांचा असतो तेव्हा सुट्टी आपली नसते, हे घरच्यांना आजच सांगून ठेवा.

त्यानंतर पोलीस ठाणे मिळते, आणि तिथून नोकरीचा रंग बदलतो. शहरात नव्वदहून अधिक पोलीस ठाणी आहेत, शिवाय वाहतूक शाखा, गुन्हे शाखा, विशेष शाखा, आर्थिक गुन्हे शाखा, सायबर पोलीस ठाणी आहेत. ज्याला शिकायचे आहे त्याला इतकी दारे दुसऱ्या कोणत्याही घटकात सापडणार नाहीत. माझ्यासोबत भरती झालेला एक जण आज मोबाईलच्या नोंदी वाचून आरोपी शोधण्यात तरबेज आहे, दुसरा हजेरी मास्तराच्या हाताखाली कारकुनी करतो आणि त्यातच समाधानी आहे, तिसरा खात्याअंतर्गत परीक्षा देऊन उपनिरीक्षक झाला. तुम्ही पदवीधर होणार आहात, त्यामुळे ती परीक्षा लक्षात ठेवा.

एक सल्ला आताच देतो. मराठी टंकलेखन शिका. फिर्याद, पंचनामा, जबाब सगळे सीसीटीएनएस या पोलीस ठाणी जोडणाऱ्या प्रणालीत संगणकावर चढते, आणि ज्याची बोटे चालतात त्याला ठाण्यात पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारली जाते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते, आणि तपासी अंमलदाराच्या शेजारी मोबाईल धरून उभा राहणारा बहुतेक वेळा नवा शिपाईच असतो. त्यामुळे जुन्या कलमांची पुस्तके स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

गोदाकाठ

वरच्या दोन्ही उत्तरांचा आदर राखून मी वेगळे मत मांडतो. मी एका जिल्हा घटकात नोकरी करतो आणि माझ्या बीटमध्ये, म्हणजे मला नेमून दिलेल्या भागात, बावीस गावे आहेत.

मैदान मास्तरांनी निवडीचे गणित सांगितले ते बरोबर आहे, पण ते एका वर्षाचे गणित आहे, आणि घटकाची निवड ही पुढच्या पस्तीस वर्षांची असते. बदलीचे जे सांगतात त्यावर मुळीच विसंबू नका. शिपायाची नेमणूक घटकाची असते, त्यामुळे आंतरजिल्हा बदली हा हक्क नसून विनंती असते. ठराविक वर्षांची सेवा व्हावी लागते, जिथे जायचे तिथे तुमच्या प्रवर्गाची जागा रिकामी असावी लागते, जिथून जायचे त्या घटकाने सोडावे लागते, आणि एवढे सगळे जमून आलात तरी नव्या घटकाच्या ज्येष्ठता यादीत तुम्ही तळाला जाता. दहा वर्षे नोकरी केलेला माणूस काल लागलेल्या पोराच्या खाली. ‘आधी मुंबई, मग बदली’ असा बेत आखून गेलेले माझे चार मित्र आहेत. त्यांतला एक परत आला.

शहरात आयुक्तालय आणि इथे अधीक्षक कार्यालय, हा फरक शिपायाला वरवर जाणवत नाही. आयुक्तांकडे कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे काही अधिकार असतात, म्हणून जमावबंदीचा किंवा हद्दपारीचा आदेश त्यांच्याच कार्यालयातून निघतो, आणि आमच्याकडे तो महसूल खात्यामार्फत येतो. खरा फरक कामाच्या पोतात आहे. माझ्याकडे बांधावरून भाऊबंदकी पेटते, विहिरीच्या मोटारी चोरीला जातात, नदीपात्रातून रात्री वाळू उपसली जाते, आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे बंद घर फोडले जाते. प्रत्येक गावात पोलीस पाटील आहे, त्याच्या ओसरीवर बसून चहा घेतला की निम्मे प्रकरण तिथेच उलगडते. शहरातल्या शिपायाला शेजारच्या इमारतीत कोण राहते ते माहीत नसते, मला बावीस गावांतली भांडणे आजोबांच्या पिढीपासून तोंडपाठ आहेत.

आता उलटी बाजूही सांगतो, नाहीतर खोटे बोलल्यासारखे होईल. आपल्याच जिल्ह्यात नोकरी म्हणजे आत्याच्या दिराचा फोन, वर्गमित्राच्या ट्रॅक्टरचा फोन, आणि ‘आपलाच माणूस आहे’ हे वाक्य दिवसातून तीनदा. नाही म्हटले की गावात नाव खराब होते, हो म्हटले की नोकरी. मी पहिली चार वर्षे लग्नाकार्याला जाणेच बंद केले होते.

माळरान_आष्टी

सर्वांचे मनापासून आभार. होमगार्डचा रकाना मी भरणारच होतो, तो आता भरणार नाही.

गोदाकाठ दादा, तुमचे फोनचे वाचून हसू आले आणि घाबरलोही, कारण आमच्या गावात आजच तीन जण म्हणून गेले की तू लागलास की आमचे काम होईल. मी अजून अर्जही भरलेला नाही.

पगाराविषयी आणि राहण्याच्या सोयीविषयी कोणी स्पष्ट लिहील का? घरी पैसे पाठवायचे आहेत, आणि मुंबईत राहून ते उरतील का, हाच चुलत्यांचा मुख्य मुद्दा आहे.

निवृत्त_सफौ

मी १९८६ साली मुंबईत शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. पैशाचे आणि घराचे मला विचारा, बाकीचे तरुणांना विचारा.

सातव्या वेतन आयोगानुसार शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते आणि ती श्रेणी ६९,१०० पर्यंत जाते. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता मिळतो. मुंबई सर्वांत वरच्या वर्गातले शहर असल्याने तिथला घरभाडे भत्ता तुमच्या तालुक्याच्या तिप्पट असतो. पण सरकारी निवासस्थान मिळाले की हा भत्ता बंद होतो, हे हिशेबात धरा. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना आमच्यासारखे जुने निवृत्तिवेतन नाही, दरमहा पगारातून अंशदान कापले जाते. तेव्हा हातात येणारी रक्कम आणि कागदावरची रक्कम यांत अंतर राहते.

घराचे असे आहे. अविवाहित शिपायाला सुरुवातीला बराकीत जागा मिळते. लोखंडी पलंग, त्याखाली पत्र्याची ट्रंक, खिडकीच्या गजाला वाळत घातलेली बनियन, आणि सकाळी नळाला रांग. वाईट नाही. मी तिथे पाच वर्षे काढली आणि माझे जिवाभावाचे सगळे मित्र तिथलेच. मेसचा खर्च वाटून घेतला जातो, त्यामुळे लग्न होईपर्यंत घरी पैसे नक्की पाठवता येतात, चुलत्यांना तसे सांगा. पेच लग्नानंतर येतो. पोलीस वसाहतीतल्या खोलीसाठी प्रतीक्षा यादी असते, आणि ती मिळेपर्यंत बदलापूर, टिटवाळा, विरार, पनवेल अशा ठिकाणी भाड्याने राहावे लागते. सकाळी सातच्या हजेरीसाठी पावणेपाचची लोकल. मी वरळीला बी.डी.डी. चाळीत राहिलो. १६० चौरस फुटांची एक खोली, शौचालय मजल्याच्या टोकाला, आणि त्या खोलीत आम्ही पाच माणसे. मुलगी अभ्यासाला जिन्यावर बसायची. पुनर्विकासाने आता त्या चाळींचे रूप बदलते आहे.

ज्या गोष्टीचा तिशीत कोणी विचार करत नाही ती म्हणजे निवृत्तीनंतरची. खोली सरकारची असते, ती सोडावी लागते. तोवर मुलांच्या शाळा, नोकऱ्या, सोयरीक सगळे मुंबईत झालेले असते आणि गावातले घर भावाच्या ताब्यात गेलेले असते. म्हणून माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला मी सांगत असे की नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत अंबरनाथला म्हणा, वांगणीला म्हणा, एक खोली स्वतःच्या नावावर कर, मोटारसायकल नंतर घे. ज्यांनी ऐकले ते आज मला दिवाळीला फोन करतात.

एवढे असूनही मला कोणी पुन्हा विचारले असते तर मी मुंबईच निवडली असती. गोदाकाठ यांनी पोलीस पाटलाच्या ओसरीचे छान लिहिले आहे, पण माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बापाच्या मुलाला या शहराने कायदा, न्यायालय, चार भाषा आणि माणूस ओळखणे शिकवले. वैयक्तिक मत आहे, पटले नाही तर सोडून द्या.

बढतीविषयी एक दुरुस्ती करतो, कारण जुनी माहिती अजून फिरते आहे. आमच्या वेळी शिपाई, मग नाईक, मग हवालदार, मग सहायक फौजदार अशी चढण होती. २०२२ साली नाईक हे पद रद्द झाले, त्यामुळे शिपाई आता थेट हवालदार होतो आणि चढणीतली एक पायरी कमी झाली. शिवाय बढती लांबली तरी १०, २० आणि ३० वर्षांच्या आश्वासित प्रगती योजनेत वेतनश्रेणी वाढत जाते.

वर्दीतली_ताई

बहिणीविषयी विचारले आहे म्हणून लिहिते. मी पुण्याजवळच्या एका घटकात हवालदार आहे, दोन मुलांची आई आहे.

महिलांना किमान उंची १५५ सेंटिमीटर लागते, तेव्हा १५७ पुरेशी आहे. महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. धावणे ८०० मीटरचे असते आणि २ मिनिटे ५० सेकंदांत पूर्ण केले तर २० गुण मिळतात. गोळा ४ किलोचा असतो, त्याला ६ मीटरवर पूर्ण १५. मुली धावण्यावर सगळी मेहनत घेतात आणि गोळ्याला ‘तो जाईल कसाबसा’ म्हणून सोडून देतात, मास्तरांनी वर जे सांगितले ते मुलींना दुप्पट लागू आहे. इतर मागास प्रवर्गातून अर्ज भरणार असाल तर दोघांचीही नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्रे आताच काढून ठेवा आणि त्यांवरची मुदत तपासा. जात प्रमाणपत्रावर आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, तेही पाहा. माझ्या तुकडीतल्या एका मुलीच्या नावात एक अक्षर कमी होते आणि तिला राजपत्र, प्रतिज्ञापत्र असे करता करता नाकीनऊ आले.

शहर की जिल्हा, या प्रश्नाला मुलींच्या बाबतीत माझे उत्तर साधारणपणे शहर असे आहे. कारण भावनिक नाही. शहरात महिला अंमलदारांची संख्या जास्त असते, त्यामुळे रात्रीची पाळी वाटली जाते. ग्रामीण ठाण्यात तीन महिला असतील आणि त्यांतली एक बाळंतपणाच्या रजेवर असेल, तर उरलेल्या दोघींना प्रत्येक महिला आरोपी, प्रत्येक पीडित मुलीचा जबाब आणि प्रत्येक वैद्यकीय तपासणी यांसाठी कधीही बोलावले जाते. आठ तासांच्या पाळीची सुरुवातही शहरातूनच झाली. २०१६ साली मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात तो प्रयोग पहिल्यांदा झाला, आणि पुढे २०२२ मध्ये महिला अंमलदारांना आठ तास द्यावेत असे आदेश निघाले. बंदोबस्ताच्या दिवशी आठाचे चौदा होतात, हे खरे आहे, पण रोजचे तास ठरलेले असले की पाळणाघराशी बोलता तरी येते.

कामाच्या बाबतीत तिला एकच सांगा की महिला पोलीस म्हणजे केवळ महिलांची प्रकरणे, असे स्वतःहून मान्य करू नकोस. मी तीन वर्षे मुद्देमाल कारकून होते. ठाण्यात जप्त झालेली प्रत्येक वस्तू, दुचाकीपासून रक्ताने माखलेल्या सदऱ्यापर्यंत, नोंदवहीत चढवायची, मोहरबंद करायची आणि न्यायालयाने मागितली की त्याच स्थितीत हजर करायची. एकदा एका खटल्यात सात वर्षांपूर्वीची एक चांदीची जोडवी मागितली गेली, आणि ती मला लाकडी कपाटातल्या तिसऱ्या खणात, लाखेची मोहर शाबूत असलेल्या पाकिटात, पंधरा मिनिटांत सापडली. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून ते पाकीट न्यायाधीशांसमोर फोडले तेव्हा जे वाटले ते मला कोणत्याही बंदोबस्तात वाटलेले नाही.

माळरान_आष्टी

आज रात्री घरी सगळ्यांना ही उत्तरे वाचून दाखवली. ताईंचा मजकूर बहिणीने स्वतः वाचला. सफौ साहेबांच्या चाळीतल्या खोलीचा भाग आला तेव्हा आईने पहिल्यांदा तोंड उघडले आणि विचारले, “वांगणी कुठे आली?” नकाशावर दाखवली.

मुंबईचा विचार जवळपास पक्का झाला आहे, फक्त प्रवर्गाचा तक्ता जाहिरातीत पाहून शेवटचे ठरवीन. गोदाकाठ दादा, बदलीची आशा न धरताच जाणार आहे. मास्तर, एक शेवटचा प्रश्न: आम्ही चौघांनी मिळून गोळा घ्यायचे ठरवले आहे, पण दुकानदार लोखंडी आणि पितळी असे दोन दाखवतो. कोणता घ्यावा?

मैदान_मास्तर

लोखंडी. वजन दुकानात काट्यावर करून घ्या, त्यावर छापलेले असते तेवढेच भरते असे नाही. आणि माती लागली की पुसून मगच हातात घ्या, नाहीतर घामाने सटकून पायावर पडतो.

गोदाकाठ

पायावर पडला तर पुढची भरती. माझ्या भावाचे तेच झाले होते, म्हणून बूट घालूनच सराव करा.

माळरान_आष्टी

बूट घालूनच करू. उद्या कड्याच्या बाजाराला जाणार आहोत.